फोटो काढणाऱ्याचे वारस

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती आणि त्या खोलीत ती लोकांचे नंबर काढायची. दार लावलं की अंधार. समोरच्या भिंतीवर तेवढी अक्षरांची पाटी उजळलेली. गिऱ्हाईक उंच खुर्चीत बसायचं. ती त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवायची आणि एकेक काच बदलत विचारायची, “आता जास्त स्पष्ट, का मघाशी?” या कामात परक्या माणसाच्या तोंडाशी तोंड न्यावं लागतं. त्याचा श्वास गालाला लागतो, काय जेवून आलाय तेही कळतं. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आजूबाजूचे सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. नवरा गेल्यानंतर लोक ‘बिचारी’ म्हणायला लागले होते. त्यापेक्षा हे नाव शंभर पटींनी बरं, असं तिचं मत होतं.

एका सकाळी ती दुकानाचं शटर उघडत असताना कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला.

“बसलीयेस का?” मैत्रिणीने विचारलं.

“उभी आहे. कुलूप काढतेय.”

“मग आत जाऊन आधी बस.”

मैत्रिणीने आडवळणं घेतली नाहीत. तिच्या नवऱ्याला एका ग्रुपवर काही फोटो आले होते. फोटोतल्या बाईच्या अंगावर कपडे नव्हते आणि चेहरा ओळखीचा होता. नवऱ्याने काही न बोलता फोन बायकोच्या हातात दिला होता.

“एक पाठवू? फक्त खात्री करायला. नको असेल तर नको.”

“पाठव.”

फोटो तिचाच होता. सुट्टीत भाड्याने घेतलेलं डोंगरावरचं घर, खिडकीला निळा पडदा आणि पलंगावर ती, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. कॅमेऱ्यामागे नवरा होता. त्या खोलीत तिसरं कोणी नव्हतं. त्याने फोटो तिला दाखवले होते, दोघं पोट धरून हसले होते, आणि पुढे ते कुठे ठेवले हे तिने कधी विचारलंही नव्हतं. आता त्याला जाऊनही दोन वर्षं उलटली होती.

लाज, राग, भीती हे सगळं यायचं होतंच, आणि दुपारपर्यंत आलंही. पण सगळ्यांत आधी आला तो एक साधा प्रश्न. तो तर नाही, मग हे पाठवलं कोणी?

त्या दिवशी तिने दुकान बंद केलं नाही. बंद करून घरी सासूबाईंना काय सांगणार? पण अंधाऱ्या खोलीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याशी वाकताना तिला वाटायचं, याने बघितलं असेल का? एका बाईच्या डाव्या डोळ्यापुढे तिने उजव्या डोळ्याची काच लावली. एक तरुण मुलगा म्हणाला, “तुम्हाला कुठेतरी पाहिलंय.” तिने चौकट हातात तशीच धरून विचारलं, “कुठे?” तो गोंधळला. “आठवत नाही,” म्हणाला आणि पुढची ओळ वाचायला लागला. खरं काय ते तिला कधीच कळलं नाही.

मैत्रिणीनेच पत्ता काढून दिला. अशाच तक्रारींसाठी चालवलेलं एक मोफत कायदा मदत केंद्र होतं, एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. खालच्या इस्त्रीच्या वाफेने वरची फरशी कोमट असायची. तिथल्या वकीलबाई केस बारीक कापलेल्या, पन्नाशीच्या, आणि बोलताना पायातली चप्पल काढून त्या कोमट फरशीवर पाय टेकवून बसणाऱ्या.

“मी फोटो बघितलेच पाहिजेत असं नाही,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. “ओळख पटवायला एक पुरतो, तोही तुम्ही म्हणाल तेव्हा. पण काही पुसू नका. कुठे दिसले, कोणी पाठवले, त्या पानाचा पत्ता, सगळं तारखेसकट जपून ठेवायचं. ते काम मैत्रिणीला सांगितलंत तरी चालेल. सारखं सारखं तुम्हीच बघायला पाहिजे असा काही नियम नाही.”

“मला आधी एक विचारायचंय,” चष्मेवाली म्हणाली. “हे मी काढू दिले. मीच हसतेय त्यात. मग तक्रार कुठल्या तोंडाने करू?”

वकीलबाई म्हणाल्या, “तुमच्याकडे माणूस डोळे तपासायला बसतो. तुम्ही बॅटरी मारून त्याच्या डोळ्यात आतपर्यंत बघता. त्याने बघू दिलं म्हणून त्याला मोतीबिंदू आहे हे तुम्ही चौकात सांगायला मोकळ्या का?”

“नाही.”

“तसंच. काढू देणं वेगळं, वाटू देणं वेगळं. एका माणसाला दिलेला होकार म्हणजे गावाला दिलेला होकार नव्हे. कायदाही हेच म्हणतो, फक्त जरा जास्त शब्दांत.”

चष्मेवालीला एकदम हलकं वगैरे वाटलं नाही. पण तिच्या डोक्यात अडकलेलं काहीतरी सुटलं आणि मग प्रश्नांना वाटच मिळाली. पसरलेले फोटो परत गोळा करता येतात का? वकीलबाईंनी सांगितलं, की फोटोपासून एक लांबलचक आकडा तयार करता येतो, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त तो आकडा मोठ्या कंपन्यांकडे जातो आणि त्याच्याशी जुळणारा फोटो कोणी चढवायला गेलं की तो दारातच अडतो.

“आणि फोटो थोडा कापून चढवला तर?”

“कधी पकडला जातो, कधी निसटतो.”

“आरशात उलटा दिसतो तसा करून चढवला तर?”

“तुम्ही रडाल म्हणून मी रुमाल काढून ठेवले होते,” वकीलबाई म्हणाल्या. “तुम्ही तर माझी तोंडी परीक्षा घेताय.”

“रडून झालंय. आता कळत नाही ते विचारतेय.”

पोलीस चौकीत वकीलबाई सोबत आल्या. तक्रारीत नाव उघड होणार नाही, हे त्यांनी आधी लिहून घेतलं. टेबलामागचा अधिकारी वाईट नव्हता, पण त्याला राहवलं नाही. “मुळात असले फोटो काढायचेच कशाला?” तो म्हणाला.

“साहेब,” वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, “हा प्रश्न तक्रारीच्या कुठल्या रकान्यात लिहायचा?”

तो खाकरला आणि लिहायला लागला.

पुढच्या आठवड्यांत बहुतेक ठिकाणचे फोटो उतरले. एक साईट मात्र ढिम्म हलेना. ती कुठल्याशा लांबच्या देशातून चालायची आणि तिला बाईच्या संमतीचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. तीन वेळा लिहून झालं, भिंतीला सांगितल्यासारखं. तेव्हा एका दुपारी वकीलबाईंनी चष्मेवालीला बोलावून घेतलं.

“एक दुसरा रस्ता आहे. जरा विचित्र आहे. फोटो काढले कोणी?”

“नवऱ्याने. सांगितलं होतं ना.”

“म्हणजे कॉपीराइट त्यांचा. फोटोवर हक्क काढणाऱ्याचा असतो, ज्याचा काढला त्याचा नव्हे. असल्या साईट बाईचं ऐकत नाहीत, पण ‘हा माल आमचा आहे, परवानगीवाचून लावलाय’ असं मालकाने लिहिलं की टरकतात. त्यात त्यांचा धंदा बुडू शकतो.”

चष्मेवालीने विचारलं, “अंग माझं, चेहरा माझा, आणि फोटो त्याचा?”

“बहुतेक ठिकाणी असंच आहे.”

“आणि तो गेल्यावर?”

“वारसांचा. जसं घर, तसे फोटो.”

चष्मेवालीला हसू आलं. सगळं सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. “म्हणजे मी माझ्याच फोटोंची वारस.”

“अर्धी,” वकीलबाई म्हणाल्या. “वारस दाखला तुम्ही मला दिलाय. त्यावर अजून एक नाव आहे.”

हसू तिथेच थांबलं. दुसरं नाव सासूबाईंचं होतं.

वकीलबाईंनी समजावलं, की एकटीच्या सहीवर अर्ज पाठवून बघता येईल, पण ही माणसं फटी शोधत बसतात. दोघींच्या सह्या असल्या तर फट राहत नाही. चष्मेवालीने मान हलवली. मग खाली बघत म्हणाली, “सही मिळेल. मी कागद पुढे केला की आई न वाचता सही करतात. बँकेचा असो, बिल्डिंगचा असो. चष्मा मीच बनवून दिलाय, पण तो लावतसुद्धा नाहीत. वरचा भाग दुमडून दिला की झालं.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “मग तो कागद मी पाठवणार नाही.”

“का? त्यांचं नुकसान तर काहीच नाही.”

“त्यांना काय चाललंय हे कळू न देता त्यांच्या नावाचा वापर करायचा. तुमच्याशी कोणी काय केलं, ते एकदा याच शब्दांत सांगून बघा.”

चष्मेवाली रागावून जिना उतरली. दारात इस्त्रीवाल्याच्या गठ्ठ्याला तिचा धक्का लागला, तिने माफीही मागितली नाही. सल्ला द्यायला काय जातं, सासू काही वकीलबाईंच्या घरात नाही, असं ती वाटभर मनातल्या मनात बोलत होती. घर जवळ आलं तसं बोलणं कमी झालं.

घरात दोघीच राहायच्या. सासूबाईंनी अर्धं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं होतं. कानाला यंत्र लावून, वायरी या भोकातून त्या भोकात खुपसत, गावोगावची माणसं एकमेकांना जोडून द्यायची, हे त्यांचं काम. अजूनही त्या शब्द तोडून, स्वच्छ बोलायच्या आणि समोरचा बोलत असताना मध्ये कधी तोंड घालायच्या नाहीत. मुलाबद्दल मात्र दोघी जपून असायच्या. एकीने विषय काढला की दुसरी उठून काहीतरी उकळायला ठेवायची. सासू आणि सून, याहून त्यांच्यात काय नातं उरलंय, हे दोघींनी तपासून बघितलं नव्हतं.

रविवारी सकाळी दोघी गॅलरीत वाळलेल्या चादरी काढत होत्या. चादरीची दोन टोकं एकीच्या हातात, दोन दुसरीच्या.

“आई, एक सही पाहिजे होती,” चष्मेवाली म्हणाली.

“कशावर?”

“तुम्ही कधी विचारत नाही.”

“तू कधी अशा आवाजात मागत नाहीस.”

मग चष्मेवालीने सांगितलं. चादरीची टोकं धरून, सासूबाईंच्या खांद्यावरून पलीकडच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघत, सगळं सांगितलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“कपड्यांशिवाय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आणि काढले आपल्या पोराने?”

“हो.”

सासूबाई चादर घेऊन दोन पावलं पुढे आल्या, टोकाला टोक जुळवलं, पुन्हा मागे गेल्या. “नीट आलेत का?”

“काय?”

“फोटो. त्याला कधी धड काढता यायचा नाही. माझ्या साठीच्या समारंभाचे त्याने काढले, त्यात सगळ्यांचे पाय आलेत आणि माझं डोकं नाही.”

हसावं की रडावं हे चष्मेवालीला कळेना. “नीट आलेत,” ती म्हणाली.

“मग मनापासून काढले असतील,” सासूबाई म्हणाल्या आणि चादर घडी करून टोपलीत ठेवली. मग त्या स्टुलावर बसल्या. आता त्यांचा चेहरा उतरला होता. “लोकांनी बघितले?”

“हो.”

“मेल्यांनो,” त्या हळूच, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “होते कुठे हे फोटो?”

“तेच तर कळत नाही. फोनमध्ये नव्हते, फोन माझ्याकडेच आहे. त्यांची एक काळी डिस्क होती, त्यात ते सगळं साठवून ठेवायचे. पण ती कपाटातून हललेली नाही.”

एक्स्चेंजमधली बाई गप्प बसली की लाइन तुटल्यासारखं वाटतं. चष्मेवालीने वळून बघितलं.

“हलली होती,” सासूबाई म्हणाल्या. “एकदा.”

मग त्यांची पाळी आली सांगायची. मुलगा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. आजारी पडून शाळा बुडवणाऱ्या पोरांसाठी तो धडे मोठ्याने वाचून आवाज साठवून ठेवायचा. ते कुठेतरी असतील, हे सासूबाईंना ठाऊक होतं. त्यांना तो आवाज ऐकायचा होता. सून दुकानात असताना त्यांनी डिस्क पिशवीत घातली आणि बस स्टॉपजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदाराने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. दोन दिवसांनी या म्हणाला. गेल्या तेव्हा आवाज त्यांच्या फोनमध्ये घालून दिला, कसा लावायचा तेही शिकवलं.

“किती झाले विचारलं तर म्हणाला, आजी, मुलाच्या आवाजाचे पैसे घेऊ का मी?” सासूबाई म्हणाल्या. “मी घरी येऊन त्याला आशीर्वाद दिला गं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू जेवण टाकलं असतंस. आणि मला तो एकटीला ऐकायचा होता. खोटं कशाला बोलू?”

चष्मेवालीला राग यायला हवा होता. तो आला नाही. तिला दिसत होत्या त्या फक्त पिशवी घेऊन बस स्टॉपकडे चाललेल्या सासूबाई.

“मीच दार उघडून दिलं म्हणायचं,” सासूबाई म्हणाल्या.

“तुम्ही डिस्क आवाजासाठी दिली होती, आई. बाकीचं उघडायला नाही दिली.”

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. “आमच्या बोर्डवर सगळं कानावर पडायचं,” त्या म्हणाल्या. “भांडणं, लफडी. कोण गेलं ते घरच्यांच्या आधी आम्हाला कळायचं. ऐकत बसायचा मोह व्हायचा, नाही कसा? पण वायर काढली की ते तिथेच सोडायचं. एकीने एकदा बाहेर सांगितलं, तर तिला बोर्डावरून उठवून कोठीत बसवली ती कायमची. आण तो कागद. आणि माझा चष्मा बघ कुठे आहे.”

त्यांनी अर्ज बोटाने ओळ धरून वाचला. एका जागी थांबल्या. ‘पलंगावर बसलेली स्त्री, मागे खिडकी, निळा पडदा’ असं तिथे लिहिलं होतं.

“हे कोणी लिहिलं?”

“वकीलबाईंनी.”

“कोरडं लिहिलंय. बरं केलं.” आणि त्यांनी सही केली, पूर्ण नावाची, घोटीव.

ढिम्म साईटने ते फोटो चार दिवसांत उतरवले. वकीलबाईंनी फोन करून सांगितलं, पण आवाजात आनंद नव्हता. “बाई नाही म्हणते तर कानावर हात. मालक माझं आहे म्हणतो तर धावाधाव. काम झालं हे खरं, पण मला हे कुठेतरी लिहायला पाहिजे.”

मग चष्मेवालीने दुकानदाराचं सांगितलं. वकीलबाईंच्या खुर्चीचा आवाज आला. त्या उठून उभ्या राहिल्या असाव्यात. “तिकडे पाय ठेवू नका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जाऊन जाब विचारलात की संध्याकाळपर्यंत तो सगळं पुसून साळसूद होईल. आता हे पोलिसांचं काम.”

“मला जाब नाही विचारायचा. मला फक्त विचारायचंय.”

“तेही नको.”

चष्मेवाली गेली नाही. पण एकदा बसमधून जाताना ती त्या बाजूच्या खिडकीशी बसली. बस स्टॉपवर थांबली आणि दुकान समोर आलं. काउंटरमागे एक साधा माणूस एका कीबोर्डातली धूळ तोंडाने फुंकून काढत होता. फुंकायचा, उलटा करून आपटायचा, पुन्हा फुंकायचा. त्याच्या चष्म्याची एक काडी वाकली होती, त्यामुळे चष्मा एका बाजूला कलला होता. इतक्या निगुतीने धूळ काढणारा माणूस, म्हाताऱ्या बाईला फुकट काम करून देणारा माणूस, हे का करतो? बस सुटली तरी ती मान वळवून बघत राहिली.

पोलिसांनी दुकानातली यंत्रं ताब्यात घेतली. त्यांत तिच्या नवऱ्याच्या डिस्कची अख्खी नक्कल निघाली, आणि दुरुस्तीला आलेल्या इतरांच्या वस्तूंतलंही बरंच काही. फोटो पहिल्यांदा ज्या ग्रुपवर पडले, ते त्याच्याच नंबरावरून. आधी तो म्हणाला की चुकून कॉपी झालं. मग म्हणाला, फोन हरवला होता. मग वकिलाच्या सांगण्यावरून गप्प बसला.

सुनावणी बंद दाराआड झाली. खटला सरकारी वकील चालवत होते; वकीलबाई चष्मेवालीच्या शेजारी बसायच्या. छोटी खोली होती, पंखा हळू फिरत होता आणि न्यायाधीश एक बाई होत्या. दुकानदाराच्या वकिलाने चष्मेवालीला विचारलं, “फोटो काढताना तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली होती?”

“नाही.”

“फोटोत तुम्ही हसताय.”

“हो. समोर नवरा होता.”

वकिलाने कागद उलटला आणि पुढचा प्रश्न विचारला.

सासूबाई साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा त्याला वाटलं, इथे जमेल. “आजी, तुम्हाला इतक्या दिवसांपूर्वीचं सगळं स्पष्ट आठवतं?”

“सगळं नाही. हा काय म्हणाला ते आठवतं,” सासूबाई तोडून तोडून म्हणाल्या. “मुलाच्या आवाजाचे पैसे घेऊ का, असं म्हणाला. म्हणजे मला काय पाहिजे होतं ते याला पक्कं कळलं होतं. तेवढंच उघडायचं होतं.”

घरी येताना चष्मेवालीने वकीलबाईंना तोच जुना प्रश्न विचारला. त्याने का केलं असेल? काही राग असेल? नवऱ्याने शाळेत कधी त्याच्या मुलाला शिक्षा केली असेल? तिने मनाशी बऱ्याच गोष्टी रचून बघितल्या होत्या.

“कायद्याला ‘केलं का’ एवढं पुरतं,” वकीलबाई म्हणाल्या. “‘का केलं’ याचं उत्तर पुष्कळदा मिळत नाही. मिळालं तर आवडत नाही.”

उत्तर मिळालं ते शेवटच्या तारखेला. न्यायाधीशबाईंनीच दुकानदाराला विचारलं, तुला स्वतःहून काही सांगायचंय का? तो उभा राहिला. आता त्याचा चष्मा सरळ होता, कोणीतरी काडी नीट करून दिली होती.

“ग्रुपवर सगळे काही ना काही टाकायचे,” तो म्हणाला. “मी नुसताच बघायचो. मग ते म्हणायला लागले, फुकटात बघतोस, तूही टाक. हे हाताशी होतं.”

चष्मेवाली त्याच्याकडे बघत राहिली. आणखी काही येईल म्हणून तिने वाट पाहिली. तो खाली बसला.

“एवढंच?” तिने वकीलबाईंना हळूच विचारलं.

“बहुतेक वेळा एवढंच असतं.”

तिला रात्रंदिवस छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं किरकोळ निघावं, याचाच तिला जास्त राग आला. दुकानदाराला कैद झाली. दुकान बंद झालं. ग्रुपवरच्या आणखी काही जणांवर तक्रारी दाखल झाल्या, आणि दुकानात ज्या बायांचे फोटो सापडले त्यांतल्या दोघी वकीलबाईंच्या लाँड्रीवरच्या खोलीत येऊन बसल्या. हे सगळं चांगलंच झालं. पण ‘हे हाताशी होतं’ हे तीन शब्द तिच्या कानातून जायला खूप दिवस लागले.

निकालानंतर एक प्रश्न उरला, जो कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. नवऱ्याची मूळ डिस्क पुरावा म्हणून कोर्टात जमा होती. ती नष्ट करायची, की परत करायची? परत करायची तर कोणाला? कायद्याने ती वारसांची होती, दोघींची. कारकुनाने दोघींना बोलावून विचारलं.

चष्मेवालीने सासूबाईंकडे बघितलं.

“माझा हिस्सा मी सोडला असं लिहून घ्या,” सासूबाई कारकुनाला म्हणाल्या. “पोरगा माझा होता. पण हे फोटो त्याने माझ्यासाठी काढले नव्हते.”

कारकुनाने वर बघितलं, मग खाली बघून लिहिलं. चष्मेवालीने पाकिटात घातलेली डिस्क घेतली. बरोबर आहे का बघून घ्या, असं तो म्हणाला तेव्हा ती म्हणाली, “आत्ता नको. मला पाहिजे तेव्हा मी बघेन.” आणि पाकीट पर्समध्ये टाकलं.

फोटो पूर्ण गेले असं मात्र नाही. मधूनच कुठल्यातरी कोपऱ्यातल्या साईटवर एखादा उगवतो. अर्ज कसा लिहायचा हे चष्मेवाली आता शिकली आहे. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये वेळ असला की ती दुकानातून लिहून टाकते. सुट्टी असली की घरून. वकीलबाईंना फक्त कळवते. सासूबाईंना या कामात भलताच रस निर्माण झाला आहे. साईट कुठल्या गावातून चालते हे शोधता येतं, हे कळल्यापासून ती घरून लिहायला बसली की त्या चष्मा लावून शेजारी येऊन बसतात.

“कुठलं निघालं या वेळी?” परवाच त्यांनी विचारलं.

चष्मेवालीने गावाचं नाव वाचून दाखवलं.

“अगं, हे माझ्या बोर्डावर होतं. आठवड्यातून एखादा तरी कॉल असायचा तिकडचा. मला वाटायचं बंदर असेल. तिकडून बोलणाऱ्याच्या मागे सारखा भोंगा वाजायचा. लाव बघू नकाशा.”

चष्मेवालीने आधी अर्ज पाठवून दिला, मग नकाशा उघडला. गाव समुद्रापासून बरंच लांब होतं, चारी बाजूंनी जमीन.

“मग भोंगा कसला?” सासूबाई म्हणाल्या.

“रेल्वेचा असेल.”

“रेल्वेचा इतका लांबट नसतो. कारखान्याचा असेल. मोठं कर जरा.”

तिने नकाशा मोठा केला आणि दोघी त्या गावात कारखाना कुठे आहे ते शोधायला लागल्या.